बाळाच्या झोपेसाठी व्हाईट नॉइज: किती जोरात, किती लांब, किती वेळ (खास कोकणातल्या घरांसाठी)

बाळाच्या उशाशी मोबाईल ठेवून त्यावर "पावसाचा आवाज, दहा तास" लावणाऱ्या आयांसाठी हे लिहितेय, आणि त्याच घरातल्या "गो, ह्यां काय लावलंस? गिरण चालू ठेवलंस काय?" असं विचारणाऱ्या आज्यांसाठीपण. दोघींचंही बरोबर आहे. अशा आवाजाने बाळं झोपतात हे खरं, आणि कानाशी मोठ्याने तासन् तास लावला तर कानाला इजा होऊ शकते हेपण तितकंच खरं. पाऊस लावला की समुद्र लावला की हेअर ड्रायर, याने फार फरक पडत नाही, फरक पडतो तो आवाज किती मोठा, बाळापासून किती लांब आणि किती वेळ या तीन गोष्टींनी. त्यात आपल्याकडे चौथी एक भर असते, ती म्हणजे बाहेरचा आवाज रोज बदलतो. जूनमध्ये पत्र्यावर पाऊस, भाद्रपदात आरत्या आणि ढोल, एरवी रातकिडे. बाहेरचं वाढलं म्हणून आपण आतलं वाढवतो आणि मग खाली आणायला विसरतो, माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

आधी गरज आहे का ते बघा

किनाऱ्यालगतचं घर मुळात शांत नसतंच. समुद्राची गाज असते, संततधार असते, डोक्यावर फॅन असतो. हे तिन्ही आवाज स्वतःच व्हाईट नॉइजच्या जातीचे, म्हणजे एकसुरी, न थांबणारे. बाळ उठतं ते वेगळ्याच आवाजांनी: कुकरची शिट्टी, दाराची कडी, शेजारचं कुत्रं, पहाटे बंदराकडे जाणाऱ्या टेम्पोचा हॉर्न, पत्र्यावर पडलेला नारळ. अचानक येणारे आवाज. मागे एकसारखा आवाज चालू असला की असे आवाज त्यात बुडून जातात आणि बाळ कमी दचकतं, व्हाईट नॉइजचं काम एवढंच.

म्हणून दोन-तीन रात्री काहीच न लावता नुसतं बघा की बाळ नक्की कशाने उठतंय. दुपट्यात हात मोकळे झाले की दोन्ही हात फेकून दचकतं का (तो मोरो रिफ्लेक्स, साधारण चार ते सहा महिन्यांत आपोआप जातो), खालच्या खोलीतल्या टीव्हीने उठतं का, की सरळ भुकेने उठतं. भुकेने उठत असेल तर व्हाईट नॉइजचा काही संबंधच नाही. तान्हं बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, रात्रीपण पितं, आणि त्याने तसं प्यायलाच पाहिजे. जन्माच्या वेळचं वजन परत भरून येईपर्यंत तर बाळाला जास्त वेळ झोपवून ठेवायला आवाज अजिबात लावू नका, त्या दिवसांत उलट झोपलेल्या बाळाला उठवून पाजायला लागतं. ओला लंगोट, गॅस, चिकचिकाट यांनी उठत असेल तर तेच आधी बघायचं. मे महिन्यातल्या उकाड्यात अर्धी रडारड घामाचीच असते, मशीन काय करणार त्याला.

हे सगळं बघूनही बाळ बारीकसारीक आवाजांनी सारखं उठतंय किंवा झोपेला आलंय पण डोळा लागत नाही असं दिसलं, तर मग व्हाईट नॉइजचा विचार करा.

चालतो का हा उपाय, तर चालतो. १९९० मध्ये एका ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ४० नवजात बाळांवरचा अभ्यास छापून आला होता, बाळं २ ते ७ दिवसांची. व्हाईट नॉइज लावलेल्या २० पैकी १६ बाळं पाच मिनिटांत झोपली, न लावलेल्या २० पैकी फक्त ५. अभ्यास छोटा आहे आणि तो फक्त झोप लागण्याबद्दल सांगतो, बाळ रात्रभर झोपेल असं काही त्यात नाही, हे लक्षात ठेवा, कारण मशीन विकणारे नेमकं तेच सांगत नाहीत. बाळाला हा आवाज आवडतो कारण पोटात असताना ते शांततेत नव्हतंच, आईच्या रक्तप्रवाहाचा, आतड्यांचा, ठोक्यांचा आवाज शेवटचे तीन-चार महिने ते ऐकतच असतं. बाहेरची चिडीचूप शांतता त्याला नवीन.

काय लावायचं

विकत आणायलाच पाहिजे असं काही नाही. घरात फॅन असेल तर आधी फॅनवरच बघा, सीलिंग फॅनचा एकसारखा आवाज पुष्कळ बाळांना पुरतो, वर हवापण खेळती राहते. टेबल फॅन असेल तर वारा थेट बाळाच्या तोंडावर नको, भिंतीकडे तोंड करून ठेवा.

रेकॉर्डिंग लावायचं तर व्हाईट, पिंक, ब्राऊन अशी नावं दिसतील. व्हाईट म्हणजे सगळ्या पट्ट्यांतले आवाज सारख्या जोराचे, कानाला तो सुऽऽऽ असा कर्कश लागतो, जुन्या टीव्हीवर चॅनल गेलं की यायचा तसा. पिंकमध्ये वरच्या पट्टीचे आवाज उतरते असतात, तो पावसासारखा वाटतो. ब्राऊन अजून खर्जातला, लांबून येणाऱ्या गाजेसारखा. बाळासाठी अमुकच चांगला असं काही सिद्ध झालेलं नाही, मी पिंक नाहीतर ब्राऊन घ्या म्हणेन, कारण त्याच खोलीत तुम्हालापण झोपायचंय आणि रात्रभर सुऽऽऽ ऐकून माणसाचं डोकं उठतं.

समुद्राच्या लाटांचं रेकॉर्डिंग मात्र नीट ऐकून मग घ्या. बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये लाट येते, फुटते, मग दोन-चार सेकंद शांतता, मग परत धप्प. खऱ्या किनाऱ्यावर लांबून एकत्र ऐकू येते ती गाज वेगळी आणि मायक्रोफोन पाण्याजवळ धरून घेतलेली लाट वेगळी. वर-खाली होणारा आवाज दचकणाऱ्या बाळाला उपयोगाचा नाही. तसंच मधेच वीज कडाडणारा पाऊस, पक्षी, बासरी, घंटा, सगळं टाळा. एकसुरी आणि कंटाळवाणा आवाज हाच चांगला.

मोबाईलवर लावणार असाल तर

नव्वद टक्के घरांत मोबाईलच असतो (आकडा माझ्या डोळ्यांनी काढलेला आहे), म्हणून इथे जरा थांबूया.

यूट्यूबवर लावलं की मधेच जाहिरात येते, आणि जाहिरातीचा आवाज त्या पावसापेक्षा चांगलाच मोठा असतो. रात्री दोनला गुटखा नाहीतर गेमची जाहिरात किंचाळली की बाळ, आई, आजी, सगळेच उठून बसतात. त्यामुळे फाईल डाऊनलोड करून घ्या आणि प्लेअरमध्ये रिपीटवर टाका. रिपीट होताना मधे गॅप किंवा खट् असा आवाज येतो का ते दिवसा ऐका, छोट्या फाईलमध्ये तो येतोच, तासाभराची फाईल बरी. मग एअरप्लेन मोड. नुसतं सायलेंट ठेवून भागत नाही, अलार्म सायलेंटमध्येपण वाजतो, तोपण बघून घ्या. स्क्रीन पालथी करा.

फोन बाळाच्या अंथरुणात, उशीखाली, दुपट्यात गुंडाळून, पाळण्याच्या कडीला पिशवीत अडकवून, असा कुठेही ठेवायचा नाही. आवाज कानाशी येतो हे एक, आणि कापडाखाली फोन तापतो हे दुसरं. चार्जिंगला लावलेला असेल तर जास्तच. चार्जरची वायर, पॉवर बँकची वायर, मशीनची वायर, सगळ्या पाळण्यापासून कमीत कमी तीन फूट लांब हव्यात. बाळ पालथं पडायला, हात मारायला कधी लागतं ते आपल्याला सांगून होत नाही आणि वायर गळ्याभोवती अडकायला वेळ लागत नाही.

ब्लूटूथ स्पीकर असेल तर त्याचे वेगळे नखरे. सुरू होताना ढँग करतो, जोडला की बाई बोलते, बॅटरी उतरली की परत बाई बोलते तेपण पूर्ण आवाजात. आणि चाकरमानी घरी आलेले असले की भाच्याचा फोन त्याच स्पीकरला आपोआप जोडला जातो आणि पाळण्याशेजारी धडामधूम डीजे सुरू, हे आमच्याकडे घडलेलं आहे. वायरने जोडता येत असेल तर वायरने जोडा, नाहीतर बाकी सगळ्यांच्या फोनमधून तो स्पीकर काढून टाका.

वेगळं मशीन घेताना

दोन-तीन गोष्टी बघा, बाकी रंगबिरंगी दिव्यांना भुलू नका. आवाज कमी किती होतो ते बघा, जास्त किती होतो ते नाही. काही मशीनचा सगळ्यात खालचा पॉईंटच मोठा असतो. टायमर हवा. आणि बटणसेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं, कारण बटणसेल गिळला गेला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते, तो बाहेर पडेल म्हणून घरी वाट बघत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल. धोका तान्ह्या बाळापेक्षा त्याच्या अडीच-तीन वर्षांच्या ताईला जास्त असतो.

आवाज करणारे मऊ टेडी मिळतात, "पाळण्यात ठेवा" असं खोक्यावरच लिहिलेलं असतं. नका ठेवू. पहिलं वर्षभर बाळाच्या झोपायच्या जागी मऊ खेळणी, उशी, जाड गोधडी काहीच नको, त्यात हे तर कानाशी आवाज करणार.

कुठे ठेवायचं

बाळाच्या डोक्यापासून निदान सात फूट, म्हणजे दोन मीटरच्या वर. हा आकडा कुठून आला तेपण सांगते. २०१४ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी बाळांसाठी विकली जाणारी १४ मशीन घेऊन ३० सेंटीमीटर, १ मीटर आणि २ मीटरवरून मोजली, आवाज फुल्ल ठेवून. ३० सेंटीमीटरवर सगळीच्या सगळी १४ मशीन ५० डेसिबलच्या वर गेली. हॉस्पिटलच्या नवजात कक्षासाठी जी मर्यादा सांगितलेली आहे ती ५० ची. त्यातली तीन तर ८५ च्याही वर, आणि ८५ डेसिबल रोज आठ तास ही अमेरिकेत कारखान्यातल्या मोठ्या माणसांसाठी सुचवलेली हद्द आहे, त्यापुढे कान जायला लागतात. मशीन बाळांसाठी म्हणूनच बनवलेली होती हे विशेष. दोन मीटरवरपण बहुतेक मशीन फुल्ल आवाजात ५० च्या वरच होती, म्हणजे नुसतं लांब ठेवून भागत नाही, आवाजपण उतरवावा लागतो.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल उतरतात. खोलीत भिंतींवर आपटून आवाज परत येतो म्हणून थोडे कमी उतरतात, तरी पाळण्याच्या दांडीवरून उचलून समोरच्या कपाटावर ठेवलं की फरक लगेच कळतो. शिवाय बाळाची कानाची नळी एवढीशी, त्यामुळे वरच्या पट्टीतला आवाज त्याच्या पडद्यापर्यंत आपल्यापेक्षा मोठा होऊन पोचतो, म्हणजे आपल्याला बरा वाटतोय म्हणून त्याला बरा असेल असं धरून चालायचं नाही.

टेप नसेल तर दाराच्या उंचीने मापा, हल्लीचं दार सात फुटांच्या आसपास असतं (जुन्या घरातलं नको, तिथे आपणच डोकं वाकवून जातो). खोली लहान असेल तर पाळणा एका भिंतीला आणि आवाज समोरच्या भिंतीला, किंवा दार उघडं ठेवून मशीन बाहेर माजघरात. कौलारू घरात भिंती आढ्यापर्यंत गेलेल्या नसतात, वरून सगळं मोकळं, ओटीवर खोकलं तरी आत ऐकू येतं, तिथे शेजारच्या खोलीत ठेवलेलं मशीनपण आरामात पुरतं. अगदी कोपऱ्यात कोंबू नका, कोपऱ्यात आवाज घुमतो. पोकळ लाकडी कपाटावर ठेवलं तर कपाटच वाजतं, खाली एक टॉवेल घडी करून घाला.

आवाज किती: मोजायचा कसा

मोबाईलवर साऊंड मीटरची फुकट ॲप असतात. ती शंभर टक्के अचूक नसतात, फोनप्रमाणे चार-पाच डेसिबल इकडेतिकडे दाखवतात, पण अंदाज येतो आणि घरच्या कामाला तेवढा पुरतो. सेटिंगमध्ये ए-वेटिंग किंवा डीबीए असं असेल तर ते निवडा. आता हे असं करा:

बाळ दुसरीकडे असताना, दुपारच्या शांत वेळी, फॅन नेहमीच्या पॉईंटवर ठेवून फोन बाळाचं डोकं जिथे असतं तिथे ठेवा. मशीनजवळ धरून मोजायचं नाही, मशीनजवळचा आकडा आपल्या कामाचा नाही. आधी मशीन बंद ठेवून आकडा बघा. फॅनवरच ४५ च्या आसपास येत असेल तर मशीन लावायची गरज आहे का हा विचार परत एकदा करा. मग मशीन सगळ्यात कमीवर सुरू करा आणि हळूहळू वाढवा. फॅन आणि मशीन मिळून बाळाच्या डोक्याशी ५० च्या आत राहिलं पाहिजे. तेवढ्यावर थांबा आणि त्या जागी बटणावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. बटण गोल नसून प्लस-मायनसचं असेल तर "पूर्ण खाली करून तीनदा प्लस" असं काय ते चिठ्ठीवर लिहून मशीनलाच चिकटवा. कारण रात्री उठणारी तुम्ही एकटी नसता, सासूबाई उठतात, नवरा उठतो, सांभाळायला येणारी मावशी असते, आणि रडणाऱ्या बाळापुढे प्रत्येकाचा हात जातो तो प्लसकडेच.

मीटर नसेल तर पाळण्याशेजारी उभं राहून खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोला. आवाज चढवायला लागला तर मशीन मोठं आहे. बोलणं आरामात ऐकू येतंय आणि मागे मंद सळसळ आहे, एवढं पुरे.

तुलनेसाठी सांगते, आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं, मिक्सर सहज ८०-८५ च्या पुढे. आपल्या देशातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमध्ये रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. घराबाहेरच्या लाऊडस्पीकरवाल्याला आपण जो कायदा दाखवतो तो पाळण्याजवळपण थोडा आठवावा.

रडणाऱ्या बाळाला गप्प करायला त्याच्यापेक्षा मोठा आवाज लावा असा सल्ला काही व्हिडिओंत देतात. तान्हं बाळ जवळून रडलं तर मीटर शंभराच्या आसपास जातो, त्याच्याशी बरोबरी करायची म्हणजे कानाची वाटच. बाळाला उचला, खांद्यावर घ्या, पाजा, फिरवा, शांत झालं की मग हळू आवाज.

पाऊस आणि लाईट

आता कोकणातला खरा प्रश्न. रात्री मशीन ठरवलेल्या ठिपक्यावर आहे आणि धो धो सुरू होतो. पत्र्याच्या घरात त्यापुढे मशीन ऐकूच येत नाही, म्हणून कोणीतरी ते वाढवतं. तासाभराने पाऊस उघडतो, सगळे गाढ झोपलेले, आणि मशीन मात्र वाढवलेलंच राहतं सकाळपर्यंत. म्हणून नियम साधा: पावसाशी शर्यत नाही. पाऊस जोरात असेल तर मशीन बंद, तो स्वतःच पुरेसा आहे. पाऊस थांबून बाळ चुळबुळलं तर परत लावा, ठिपक्यावर. पत्र्याखाली पाऊस किती मोठा होतो तेपण एकदा मीटरवर बघा, ६५-७० च्या वर सारखा राहत असेल तर पाळणा पत्र्याच्या पडवीतून काढून कौलांखाली किंवा स्लॅबखाली आतल्या खोलीत घ्या.

लाईट जाणं हा वेगळा विषय. जूनच्या पहिल्या वादळापासून लाईट येतजात राहते. प्लगवरचं मशीन लाईट गेली की गप्प होतं, एकदम शांतता झाली म्हणून बाळ उठतं, हे आहेच. त्याहून वाईट म्हणजे लाईट परत आल्यावर काही मशीन आधीचा आवाज विसरतात आणि कंपनीने ठरवलेल्या आवाजावर सुरू होतात, तो बराच मोठा असू शकतो. दिवसा स्वतः स्विच बंद-चालू करून बघा तुमचं काय करतं. विसरणारं असेल तर रात्री बॅटरीवरच चालवा किंवा जिथे गोल बटण हाताने फिरवायचं असतं तसलं मशीन घ्या. विजा चमकत असतील तर प्लग काढून ठेवा. आणि खारी हवा, ती कशाला सोडत नाही, महिन्यातून एकदा बॅटरीचं झाकण उघडून आत हिरवट-पांढरं काही साचलंय का बघा, साचलं असेल तर सेल बदला. खरखर करणारा, मधेच फट् करणारा स्पीकर बाळाला झोपवण्याऐवजी दचकवतो.

गणपती, शिमगा, लग्नसराई

भजनाची डबलबारी ओटीवर रंगलेली असताना आत बाळ झोपवायचं तर व्हाईट नॉइज हा उपाय नाहीच. एखादा आवाज झाकायला साधारण त्याच्या तोडीचा आवाज लागतो, ताशा झाकायला तुम्ही ताशाएवढा आवाज खोलीत आणणार का? तिथे बाळालाच हलवायचं. सगळ्यात आतली खोली, मागचं दार, नाहीतर सरळ दोन घरं सोडून काकींकडे. मिरवणूक, फटाके, बेंजो अंगणात यायच्या आधी पाचदहा मिनिटं कोणाला तरी कळवायला सांगा. कानात कापूस घालून फारसा उपयोग होत नाही, आणि बारीक बोळा आत अडकतो तो वेगळाच ताप. बाळांचे कान झाकायचे इअरमफ मिळतात, अर्धा-पाऊण तास गर्दीतून जायला ते ठीक, पण ते घालून झोपवायचं नाही. इअरफोन, हेडफोन तर बाळाला कधीच नाही.

किती वेळ

इथे मतं वेगवेगळी आहेत. काहीजण रात्रभर मंद चालू ठेवा म्हणतात, काहीजण झोप लागली की बंद. मी दुसऱ्या बाजूची. झोपवताना लावा, अर्ध्या-पाऊण तासाचा टायमर ठेवा, आवाज एकदम बंद न होता हळू उतरत जाणारं ॲप असेल तर उत्तम. खूप दचकणारं बाळ असेल आणि रात्रभर लावायचाच असेल तर अजून हळू आणि अजून लांब.

दिवसा मात्र कमीत कमी. दिवसाच्या एखाद्या झोपेला लावलंत तर ठीक, पण जागं असताना अजिबात नको. बाळाला या महिन्यांत माणसांचं बोलणं ऐकायचं असतं, आईचं, आजीचं, मासेवालीचं, "काय रे सोन्या" करणाऱ्या प्रत्येकाचं. २००३ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये उंदरांवरचा एक प्रयोग आला होता, जन्मापासून सतत गोंगाटात वाढवलेल्या पिल्लांच्या मेंदूचा ऐकण्याचा भाग वेळेवर पक्व झाला नाही, आणि गोंगाट काढल्यावर तो भरून निघाला. उंदीर ते उंदीर, आणि तिथे आवाज रात्रंदिवस होता, घाबरायचं कारण नाही. पण चोवीस तास मशीन चालू ठेवणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावं.

अजून एक. आवाज चालू असताना तुम्हाला बाळाचं कण्हणं, ठसका, उलटी ऐकू आली पाहिजे. मशीन तुमच्या आणि बाळाच्या मधे ठेवू नका. आणि बाळ झोपलंय ते उताणं, सपाट आणि टणक जागी, तोंडावर काही नाही, हे मशीनपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. मोहरीची उशी नको. साडीच्या झोळीत बाळाची मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट दबते, तेव्हा झोळीत डोळा लागला तर उचलून सपाट अंथरुणावर ठेवा. खोलीत धुरी करून दारं लावून वर मशीन लावणं हेपण नको, धुराने बाळाच्या छातीला त्रास होतो.

सोडवायचं कसं

चार-सहा महिन्यांनंतर दचकणं कमी होतं, दिवसरात्रीचं चक्र बसतं, तेव्हा हळूहळू काढायला घ्या. एका रात्रीत बंद करू नका. दर दोन-तीन दिवसांनी आवाज एक-एक पॉईंट खाली, मग टायमर तीस मिनिटांवरून वीस, वीसवरून दहा. दात येताहेत, सर्दी आहे, लस दिलीय, प्रवास झालाय अशा आठवड्यात थांबा, नंतर पुढे चालू. त्याच सुमारास झोपायच्या आधीचा एक ठरलेला क्रम बसवा, अंग पुसणं, दूध, दिवा मंद, मग अंगाई. अंगाईला ॲप नको, सूर बेसूर असला तरी बाळ तक्रार करत नाही. मुंबईहून गावी आलात की पहिल्या रात्री बाळाला जागा नवीन, तेव्हा एकदोन दिवस परत लावलंत तरी काही बिघडत नाही.

कधी डॉक्टरांकडे जायचं

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप असेल, बाळ दूध ओढत नसेल, नेहमीपेक्षा सुस्त असेल, उठवूनही नीट उठत नसेल, श्वास भरभर किंवा घरघर असेल, रडणं एकदम वेगळं आणि किंचाळल्यासारखं असेल, तर मशीन लावून गप्प करायचं नाही, लगेच दाखवायचं. पाच-सहा आठवड्यांच्या सुमारास संध्याकाळी खूप रडणारी बाळं असतात, तीन-तीन तास, त्यात व्हाईट नॉइजने थोडी मदत होते, पण तेपण एकदा डॉक्टरांना दाखवून घेतलेलं बरं.

आणि कान तपासणी. बाळ जन्मल्यावर कानाची ओएई टेस्ट झालीय का ते डिस्चार्जच्या कागदावर बघा. त्यात काही दुखत नाही, झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवतात, काही मिनिटांत होते. पहिल्यांदा "रेफर" (म्हणजे परत तपासा) आलं तर लगेच धीर सोडू नका, नवजात बाळाच्या कानात ओल असते म्हणूनही येतं, पण दुसऱ्यांदा करायचं टाळूपण नका. जी बाळं एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहून आलीत त्यांच्यासाठी बेरा टेस्टबद्दल विचारा, आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते त्यात बघतात. तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तीन महिन्यांपर्यंत, उपचार सहा महिन्यांपर्यंत सुरू, असा जगभर पाळला जाणारा हिशेब आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, जो २०१३ मध्ये आपल्याच कोकणपट्टीतल्या पालघरमधून सुरू झाला, त्यात जन्मजात ऐकू न येणंही तपासायच्या यादीत आहे, त्यामुळे खासगीत परवडत नसेल तर आशाताईंना गाठा नाहीतर जिल्हा रुग्णालयात विचारा. घरी लक्ष ठेवायचं ते असं: ताट पडल्यावर तीन महिन्यांचं बाळ दचकत नाही, सहा महिने झाले तरी हाकेच्या दिशेला मान वळवत नाही, तुमच्या आवाजाने शांत होत नाही. यातलं काही दिसलं तर पुढच्या लसीच्या तारखेपर्यंत थांबू नका.